ताडपत्रीवर उभा हत्ती

एक मिलिमीटर. रुपयाचं नाणंही याहून जाड असतं. एवढासा पाऊस पडला तर माणूस छत्री उघडायचा कंटाळा करतो. अडीच मिलिमीटरच्या खाली पडला, तर हवामान खातं त्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणून मोजतसुद्धा नाही.

आता हा क्षुल्लक मिलिमीटर एका चौरस मीटरवर पसरा. होतं बरोब्बर एक लिटर पाणी, आणि एक लिटर म्हणजे एक किलो. आज आपल्याला एवढंच गणित लागणार आहे. पुढे सगळे गुणाकार आहेत, आणि ते करताना खुर्चीचा हात धरून बसलेलं बरं.

गुणाकार करायला एक छप्पर हवं. हल्ली जुलैत भंडारदऱ्याला गेलात, तर धरणाच्या काठाने उभ्या असलेल्या गाड्यांच्या टपावर, कॅरियरला एका बाजूने बांधलेली लांबोडकी पिशवी दिसेल. झिप उघडायची, आतली गुंडाळी दोन मीटर बाहेर ओढायची, तिच्यातून दोन ॲल्युमिनियमचे पाय खाली सोडायचे, तणावे ठोकायचे. पाच मिनिटांत गाडीला ओसरी फुटते. दुकानदार तिला ऑनिंग म्हणतो, काठावरचे गावकरी सरळ ताडपत्री म्हणतात. खाली स्टोव्ह, स्टोव्हवर चहा, समोर धुकं. अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद. पाच चौरस मीटर कापड, आणि त्याच्या बाहेरच्या कडेला आधार म्हणून अंगठ्याएवढ्या जाडीचे दोन पोकळ पाय.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे या कापडावर पाच किलो. ठीक आहे. दहा मिलिमीटर म्हणजे पन्नास किलो. सिमेंटचं एक भरलेलं पोतं! चहा उकळतोय, गप्पा चालल्यात, आणि डोक्यावर कुणीतरी अलगद सिमेंटचं पोतं आणून ठेवलंय. रुपयाच्या नाण्यांत मोजायचं तर तेरा हजारांची चिल्लर. आजकालचं एक रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं, भागाकार तुम्हीच करून बघा.

आणि हे पन्नास किलो आले कसे? थेंबाथेंबाने. दोन मिलिमीटर व्यासाचा, ताशी तेवीस-चोवीस किलोमीटर वेगाने खाली येणारा एक बेताचा थेंब धरू. एका लिटरात असे दोन लाख अडतीस हजार थेंब मावतात. पन्नास लिटरांत? एक कोटी एकोणीस लाख. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या एक कोटी चोवीस लाख होती. म्हणजे कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक माणसाने आपापला एक थेंब हातात घेऊन यावं आणि तुमच्या गाडीच्या ताडपत्रीवर सोडून जावं. हे झालं दहा मिलिमीटरचं. सह्याद्रीत दहा मिलिमीटरला पाऊस म्हणत नाहीत, शिंतोडे म्हणतात.

तेव्हा खऱ्या पावसाकडे येऊ. हवामान खात्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर ओलांडले की मुसळधार, म्हणजे आपल्या कापडावर तीनशे बावीस किलो. ११५.६ला अतिमुसळधार, पावणेसहाशे किलो. २०४.५ला अत्यंत मुसळधार: एक हजार बावीस किलो, टनाच्या वर! घाटमाथ्यावर जुलैमध्ये दोनशेचा आकडा आला तर वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन ओळी येतात. त्या दोन ओळींचं वजन एक टन.

आणि ढगफुटी? तासाला शंभर मिलिमीटर. म्हणजे पाच चौरस मीटरवर तासाला पाचशे लिटर. पाण्याचा वीस लिटरचा जार ऑफिसात येतो ना, तो दर दोन मिनिटं चोवीस सेकंदांना एक, असा तासभर, न थांबता, वरून रिकामा होतोय.

इथे २६ जुलै २००५ची आठवण न काढता पुढे जाणारा मराठी माणूस विरळा. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. गुणा पाचने. चार हजार सातशे वीस किलो! ताडपत्रीवर एक भलामोठा टस्कर उभा राहिला. सिमेंटची चौऱ्याण्णव पोती. रुपयाच्या नाण्यांत मोजाल तर साडेबारा लाख रुपये. ज्या गाडीला ती ताडपत्री बांधली, त्या गाडीच्या किमतीच्या आसपासची चिल्लर झाली की ही! गंमत अशी, की त्याच दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत फक्त ७३ मिलिमीटर नोंदले गेले. एकाच शहरात, एकाच दिवशी, उत्तरेला हत्ती आणि दक्षिणेला सात पोती सिमेंट.

क्षणभर ताडपत्री सोडा आणि समजा की सबंध मुंबईवर, सगळ्या ४३७ चौरस किलोमीटरवर, सांताक्रूझइतकाच पडला असता. एकेचाळीस हजार कोटी लिटर. हा आकडा डोक्यात शिरत नाही, म्हणून विहिरी घेऊ. शेतातली चांगली बांधलेली विहीर, सहा मीटर व्यास, बारा मीटर खोल, काठोकाठ भरलेली: तीन लाख चाळीस हजार लिटर. अशा विहिरी किती लागतील? बारा लाख! एकीच्या तळाशी दुसरी, दुसरीच्या तळाशी तिसरी असं खोदत गेलात, तर चौदा हजार सहाशे किलोमीटर खोल जाल. पृथ्वीचा व्यास बारा हजार सातशे बेचाळीस. म्हणजे विहीर पृथ्वीच्या आरपार जाऊन पलीकडे आणखी अठराशे किलोमीटर आकाशात डोकावेल. आणि मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सातही तलावांची मिळून साठवण चौदा लाख सत्तेचाळीस हजार दशलक्ष लिटर आहे, त्यातला चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग एका दिवसात वरून आला असता.

ताडपत्रीवर परत येऊ, कारण सांताक्रूझ हा जगातला विक्रम नव्हे. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर, फॉक-फॉक नावाच्या जागी, ७ आणि ८ जानेवारी १९६६ला चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पडला. उंचपुऱ्या माणसाच्या डोक्यावरून पाणी. आपल्या कापडावर नऊ टन, म्हणजे गल्लीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर जवळजवळ पुरा. अमेरिकेत मेरीलँडमधल्या युनियनव्हिल इथे ४ जुलै १९५६ला एका मिनिटात, होय, साठ सेकंदांत, ३१.२ मिलिमीटर. एकशे छप्पन्न किलो. तुम्ही चहा गाळायला घेतलात आणि गाळून होईस्तोवर दोन धट्टीकट्टी माणसं वर चढून बसली. आणि चेरापुंजी! ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर. त्या पाच चौरस मीटरवर एकशे बत्तीस टन. लांब पल्ल्याच्या गाड्या ओढणारं डब्ल्यूएपी-७ हे विजेचं इंजिन १२३ टनांचं असतं. इंजिन हलकं पडलं.

इतका वेळ तुमच्या ओठांवर असलेला प्रश्न मला ऐकू येतोय. पाणी थांबेल कशाला? वाहून जाईल की!

जाईल. जाऊ दिलं तर.

ताडपत्री सपाट बांधली, की सपाट राहत नाही. कापड म्हटलं की झोळ आलाच. मधोमध दोन बोटांचा खळगा पडतो, त्यात लिटर-दोन लिटर थांबतं, त्याच्या वजनाने कापड ताणतं, खळगा वाढतो, वाढलेल्या खळग्यात जास्त पाणी येतं, त्याने तो आणखी वाढतो. पाणी स्वतःसाठी भांडं घडवतं आणि स्वतःच त्यात येऊन बसतं. यामागची समीकरणं अभियंत्यांकडे आहेत, ती तिथेच राहू देत. आपल्याला पोटाचा घेर मोजायचाय. पाच चौरस मीटरच्या कापडाला मध्यभागी दहा सेंटिमीटरचा झोळ पडला, तर त्यात साधारण दोनशे लिटर मावतं. घराबाहेर पाणी साठवायला असतं ते निळं पिंप, गच्च भरलेलं. वीस सेंटिमीटरला दोन पिंपं. तीस सेंटिमीटरला, म्हणजे शाळेतल्या पट्टीएवढ्या झोळाला, तीन पिंपं, सहाशे किलो. आणि ढगफुटीच्या वेगाने पहिलं पिंप भरायला किती वेळ? चोवीस मिनिटं. एक डाव पत्त्यांचा.

बहुतेक गाड्यांच्या टपावर, गाडी चालू असताना, ७५ ते १०० किलोपेक्षा जास्त ओझं टाकू नका असं कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. उभ्या गाडीचं टप त्याहून बरंच सोसतं, हे खरं. पण ताडपत्री टपाच्या मधोमध नसते, ती एका कडेला कॅरियरच्या दोन-तीन कोनांना लटकलेली असते, आणि दुसरी कड त्या काटकुळ्या पायांवर. कोन वाकतात, पाय मोडतात, शिवण उसवते. कापड मात्र फाटायला तयार नसतं, आणि गळायला तर मुळीच नाही.

गळण्याचाही एक आकडा आहे. अशा कापडाच्या पाकिटावर '३,००० मिमी' असं लिहिलेलं दिसतं. याचा अर्थ, कापडावर पाण्याचा उभा स्तंभ चढवत नेला, तर तीन मीटर उंचीपर्यंत ते पाझरत नाही. तीन मीटर! घराच्या छताएवढी उंची. आपल्या पाच चौरस मीटरवर तीन मीटर पाणी म्हणजे पंधरा हजार लिटर, दीड टँकर, पंधरा टन. पंधरा टनांपर्यंत एक थेंब आत येणार नाही अशी हमी देणारं कापड, आणि ते उचलून धरणारे पाय वीस-पंचवीस किलोला कुरकुरणारे. म्हणून पाणी कापडातून येत नाही, कापडासकट येतं.

भंडारदऱ्याच्या काठावर मी हे पोट सुटताना जवळून बघितलंय. पुण्याची चार पोरं ताडपत्रीखाली कांदाभजी तळत बसली होती. वर पाण्याचा फुगा इतका खाली आलेला, की उभं राहिलं तर डोक्याला गार लागावं. कापडाचा रंग मधोमध काळपट झालेला, आणि तळावरच्या कंदिलाचा उजेड त्यातून हलताना दिसत होता, तळ्याच्या तळाशी बसून वर बघावं तसा. एक पोरगा झाडूचा दांडा घेऊन खालून ढोसायच्या बेतात होता. एवढ्यात प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेतलेले तिथले राखणदार मामा आले.

"थांब थांब, ढोसू नको. कुठल्या अंगाने येईल त्याचा नेम नाही."

"मग काय करायचं, मामा?"

"पाय मोड त्याचा एक."

"मोडू?"

"अरे, बुटका कर म्हणतो! वीतभर. भज्यांच्या बाजूचा नको, पलीकडचा."

पोराने पलीकडच्या पायाचा क्लॅम्प सैल केला, पाय वीतभर आत सरकवला, पुन्हा आवळला. क्षणभर काहीच झालं नाही. मग तो काळपट फुगा कापडाखालून मांजर चालावं तसा कोपऱ्याकडे सरकला आणि धाडकन उतरला. आवाज असा, की गाडीखाली झोपलेलं कुत्रं थेट धरणाच्या भिंतीच्या दिशेने पळालं. मामा भज्यांची पुडी घेऊन निघून गेले. मोबदला वाजवी होता.

झाडूने ढोसण्यात अडचण काय, तेही मोजू. दोनशे लिटर पाणी दोन मीटर उंचीवरून एकदम सुटलं, की दोनशे किलो सुटले. गणपतीच्या दिवसांत मांडवाच्या ताडपत्रीला बांबूने खालून रेटणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. जाणती पोरं बांबू फुग्याच्या पोटात खुपसत नाहीत, फुग्याच्या मागे, वरच्या अंगाला टेकवतात आणि पाणी कडेकडे हाकत नेतात. तीस फूट बाय साठ फुटांचा मांडव म्हणजे एकशे सदुसष्ट चौरस मीटर. दहा मिलिमीटरच्या सरीला सोळाशे सत्तर किलो. बाप्पाच्या डोक्यावर तेहतीस पोती सिमेंट, आणि खाली चार पोरं चार बांबू घेऊन.

हा ताडपत्रीचाच रोग आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत केंपर अरिना नावाचं भव्य बंदिस्त क्रीडागृह १९७४ साली उभं राहिलं. वास्तुरचनेसाठी नावाजलेलं, इतकं की १९७६ला अमेरिकेतल्या वास्तुविशारदांच्या संस्थेने त्याला पुरस्कार दिला. सपाट छत, वरच्या पोलादी सांगाड्याला लटकवलेलं. पावसाचं पाणी थोडा वेळ छतावरच थांबावं आणि हळूहळू खाली जावं, शहराची गटारं तुंबू नयेत, अशी योजना. ४ जून १९७९ला संध्याकाळी मुसळधार पाऊस आला, जोडीला वारा. त्याने पाणी एका बाजूला लोटलं, छत तिथे दबलं, दबलं म्हणून आणखी पाणी आलं. लटकवणारे बोल्ट आधीच थकलेले होते, आणि सुमारे एक एकर छत खाली आलं. एका एकरावर शंभर मिलिमीटर पाणी म्हणजे चारशे टन, वर सांगितलेली रेल्वेची इंजिनं सव्वातीन. नशीब एवढंच, की त्या संध्याकाळी आत खेळ नव्हता आणि कुणाला इजा झाली नाही. हजारो टन पोलाद, शेकडो अभियंत्यांचा देश, आणि मारेकरी तोच: झोळ.

आता जरा मोठे गुणाकार करू, कारण एकदा चटक लागली की थांबवत नाही.

आपली दोन मीटर रुंदीची ताडपत्री मुंबईहून पुण्यापर्यंत, दीडशे किलोमीटर, सलग ताणून बांधा. तीन लाख चौरस मीटर कापड. वर दहा मिलिमीटरची एक सर. तीस लाख लिटर! २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन 'जलदूत' रेल्वे जायची, आठवते? पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर. त्या सबंध गाडीत मावणार नाही, आणखी दहा वाघिणी जोडाव्या लागतील. दोन मीटर रुंदीची पट्टी, एक सर.

पट्टी पुरे. सबंध महाराष्ट्रावरच ताडपत्री घाला. तीन लाख सात हजार सातशे तेरा चौरस किलोमीटर, डहाणूपासून सिरोंच्यापर्यंत. फक्त एक मिलिमीटर पाऊस, तोच, ज्याला हवामान खातं पावसाचा दिवस म्हणत नाही. किती पाणी? सुमारे पावणेअकरा टीएमसी, म्हणजे पावणेअकरा अब्ज घनफूट. आणि ज्याच्या काठावर पोरं भजी तळत होती, त्या भंडारदरा धरणाची साठवण आहे अकरा टीएमसी! एक मिलिमीटर महाराष्ट्रभर पडला, की भंडारदरा जवळपास तुडुंब. ते धरण बांधायला इंग्रजांना १९१० ते १९२६ अशी सोळा वर्षं लागली.

दहा मिलिमीटर पडू द्या. एकशे आठ टीएमसी. कोयनेचा शिवसागर १०५ टीएमसीचा. एक सर, एक कोयना! आणि त्या सरीतले थेंब? सात परार्ध. एकावर सतरा शून्यं म्हणजे परार्ध. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त एक, दश, शत करत संख्यांची शिडी चढवली, ती अठराव्या पायरीला परार्धावर नेऊन सोडली, पुढे नावंच नाहीत. महाराष्ट्रावरची दहा मिलिमीटरची एक सर त्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर सात वेळा उभी राहते.

आणि देश? बत्तीस लाख सत्याऐंशी हजार चौरस किलोमीटर. जून ते सप्टेंबरचा सरासरी पाऊस ८७ सेंटिमीटर. एक लाख टीएमसी! साडेनऊशेहून जास्त कोयना, दर वर्षी, चार महिन्यांत, बिनबोभाट.

एवढं पाणी डोक्यावर असताना मामांची एक वीत पुरते कशी, हे पाहण्यासारखं आहे. घराच्या गच्चीला गवंडी शंभरास एक उतार देतो, पाणी निघून जातं, कारण स्लॅब झोळत नाही. कापडाला ते चालत नाही. कापडाचा हिशोब सोपा आहे: मधोमध जेवढा झोळ, त्याच्या चौपट उतार द्यायचा, म्हणजे पाणी थांबायला खळगाच उरत नाही. पाच सेंटिमीटर झोळाला वीस सेंटिमीटर उतार. वीत असते बावीस-तेवीस सेंटिमीटरची. मामा भूमिती कुठे शिकले ते मी विचारलं नाही, पण वीत बरोब्बर बसली. अर्थात आधी तणावे आवळून झोळ पाच सेंटिमीटरवर आणायला हवा. कापड ढिलं असेल तर वीतच काय, हातभर उतारही अपुरा.

दोन मीटरला एक वीत म्हणजे जवळजवळ नवास एक. हा उतार किती भयंकर आहे याची कल्पना यायला बोरघाटात चला. कर्जत ते लोणावळा अठ्ठावीस किलोमीटर रेल्वेमार्ग, सगळ्यात कठीण चढ सदतीसास एक, आणि तेवढ्याला गाडीच्या मागून जादा इंजिनं लावावी लागतात. तोच अठ्ठावीस किलोमीटरचा मार्ग आपल्या ताडपत्रीच्या उताराने चढवला असता, तर लोणावळा स्टेशन कर्जतच्या तीन किलोमीटर वर आलं असतं. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, दोन कळसूबाया एकावर एक ठेवा, साधारण तिथे. चिक्की विकणाऱ्यांना ऑक्सिजन लागला असता.

उतार नको असेल, तर कापडाला मधोमध उचलायचं: एक जादा काठी, टोकाला चेंडू किंवा कापडाचा बोळा, म्हणजे भोक पडत नाही. झाला तंबू. हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर पाहायची, तर जेद्दाच्या विमानतळावरचं १९८१चं हज टर्मिनल बघावं. पंचेचाळीस मीटर लांब-रुंद असे दोनशे दहा तंबू, वरून पोलादी खांबांनी ओढून शंकूसारखे ताणलेले. सव्वाचार लाख चौरस मीटर कापड! आपल्या ताडपत्रीसारख्या पंच्याऐंशी हजार ताडपत्र्या. रचना करणाऱ्या चमूत ढाक्याचे फजलूर खान होते. वाळवंट असल्यामुळे पाऊस क्वचितच, पण आला तर मिलिमीटरला सव्वाचार लाख लिटर उतरवायची तयारी.

आपल्या काठावर मात्र तो क्वचित नाही. भंडारदऱ्याच्या वर घाटघरला पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पाच चौरस मीटर कापडावर हंगामाला पंचवीस हजार लिटर. जलजीवन मिशनचा ग्रामीण भागासाठीचा दंडक आहे माणशी रोज ५५ लिटर. म्हणजे एका गाडीची ताडपत्री एका माणसाला साडेचारशे दिवस, सव्वा वर्ष, पुरेल एवढं पाणी एका पावसाळ्यात झटकून टाकते. आणि याच डोंगरातल्या काही पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट बघतात. हा गुणाकार मी जेव्हा जेव्हा करतो, तेव्हा दरवेळी चिडचिड होते. पण तो विषय आज नाही.

आजचा विषय बुटक्या पायाचा आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा नमुना तुमच्या पायाखाली आहे. कोपऱ्यातून धाडकन उतरलेलं ते पाणी धरणात गेलं. धरण प्रवरेवर, प्रवरा रतनगडावरून निघते. तिथून पश्चिमेचा समुद्र शंभर किलोमीटरच्या आत. पण पाणी तिकडे जात नाही, कारण सह्याद्रीच्या माथ्यापासून अख्खं पठार पूर्वेला कललंय. पश्चिमेचे पाय उंच, पूर्वेचे बुटके. प्रवरा नेवाशाजवळ गोदावरीला मिळते, गोदावरी पैठणला नाथसागरात शिरते, मग मराठवाडा, मग तेलंगणा, मग आंध्र, आणि त्र्यंबकेश्वरपासून मोजलं तर १,४६५ किलोमीटरनंतर बंगालचा उपसागर. मुंबई-पुणे पाच वेळा जाऊन-येऊन होईल एवढं अंतर! आणि उतार? त्र्यंबकला उगमाची उंची १,०६७ मीटर. सरासरी काढा. ताडपत्री नवास एक, बोरघाट सदतीसास एक, गच्ची शंभरास एक. गोदावरी तेराशे सत्तरास एक! तेराशे सत्तर मीटर चाललात, तर कुठे एक मीटर खाली. आपल्या दोन मीटरच्या ताडपत्रीला हा उतार दिला, तर बुटका पाय फक्त दीड मिलिमीटर बुटका असेल.